कानबाई रेसिंगचे धुडकू आप्पा

धुडकू आप्पांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते मोटारसायकल चावत होते. खोटं सांगत नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत, त्यांच्या ओट्यासमोर, गाडी चालू होती. लाकडाच्या एका तुकड्याचं एक टोक इंजिनाला टेकवलेलं, दुसरं टोक दातांत, आणि डोळे गच्च मिटलेले. मी शाळेतून येत होते, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मनात म्हटलं, गेला वाटतं माणूस कामातून! ओट्यावर त्यांची बायको, आमची आक्का, मेथी निवडत बसली होती. ती हसून म्हणाली, "घाबरू नको वं बाई. त्यास्ना कान गयात. आते दातखाल धरीसन आयकतस."

कान गेले ते कापडाच्या मागांपायी. तीस वर्षं हा माणूस एकाच कारखान्यात, चाळीस मागांच्या खडखडाटात उभा. पारोळ्याकडच्या खेड्यातून पंधराव्या वर्षी सुरतेला आले, आधी कारीगर, मग मास्टर. म्हणजे माग बंद पडला की कारीगर ज्याला हाक मारतो तो. हाक कसली, हात मारतो. त्या आवाजात कोण कुणाचं ऐकणार? आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा तो लाकडी धोटा असतो ना, त्यातलाच एक जुना, झिजून गुळगुळीत झालेला, आप्पांच्या कमरेला कायम खोचलेला. मशीनला लावला, दातांत धरला, की आत काय बिघडलंय ते दाढेतून डोक्यात जातं असं त्यांचं म्हणणं. समोरचे तीन दात त्यातच पडले. उरलेल्यांवर काम चालू होतं.

ऐकू येत नसल्यानं आप्पा समोरच्याचे ओठ वाचत आणि स्वतः दोनच पट्ट्यांत बोलत. एक, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी, तिला ते कुजबुज समजत. दुसरी, हातांची. कारखान्यातल्या खुणा घरातही चालत. दोन्ही तळवे खाली दाबले की "बंद कर". मूठ वळून गोल फिरवली की "चालू ठेव, थांबू नको". पाच बोटं एकत्र जुळवून भुवया वर केल्या की "किती?" आक्काही अर्धं आयुष्य कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला होती, त्यामुळे नवराबायकोची भांडणंसुद्धा हातांनीच व्हायची. आक्का ओट्यावरून मूठ फिरवायची, आप्पा गल्लीतून तळवे दाबायचे. गल्लीला ऐकू यायचा तो फक्त शेवटी आपटलेला तांब्या.

आणि आठवड्यातून एकदा वीज बंद असली, कारखाने शांत झाले, की सगळी लिंबायत हुश्श म्हणायची. आप्पा मात्र बेचैन. ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. म्हणायचे, "बाई, काहीतरी मरेल शे असं वाटस." काहीतरी मेलंय असं. ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांना शांतता कशी कळते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता ती मोटारसायकल. प्लेगच्या सालातली गोष्ट. त्या भादव्यात आमची अर्धी गल्ली बोचकी बांधून गावाकडे पळाली. शाळा बंद, कारखाने बंद. कारखान्याचे मालक कांतिशेठ स्वतः नातेवाइकांकडे निघून गेले. आप्पा गेले नाहीत. आक्कानं हातापाया पडून पाहिलं. आप्पा म्हणाले, चाळीस माग तसेच उभे राहिले तर गंजतील. तोंडाला आक्काच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून हा माणूस रोज सकाळी कारखान्यात जायचा, आणि वीज नसताना एकेका मागाचं चाक हातानं फिरवायचा. चाळीस माग, रोज. कुणी सांगितलं नव्हतं. शेठ परत आले, बटण दाबलं, आणि पहिल्याच झटक्याला सगळे माग चालू झाले. शेठ म्हणे एकेका मागावरून हात फिरवत आप्पांपाशी आले.

म्हणाले, "धुडकूभाई, माँग. जे जोईए ते माँग."

आप्पांनी कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेल्या मोटारसायकलकडे बोट दाखवलं.

ती शेठच्या मुलाची. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, मातीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी घेतलेली. मुलगा शिकायला परदेशी गेला आणि गाडी उंदरांना राहिली. आता तिच्यावर शेठच्या घोडदोड रोडवरच्या, म्हणजे पैसेवाल्या वस्तीतल्या, भाच्याचा डोळा होता. शेठ पेचात पडले. शब्द तर दिला होता. शेवटी त्यांनी व्यापाऱ्यासारखा तोडगा काढला: गाडी आप्पांनी यंदाच्या शर्यतींत पळवावी. होळीच्या आत एकदा जरी पहिल्या तिघांत आली, तर कायमची आप्पांची. नाही आली तर भाच्याची.

"होळी सुधी," शेठ म्हणाले. "पछी नहीं."

मी आप्पांना विचारलं होतं, हा काय नसता उपद्व्याप? या वयात? त्यांनी सांगितलं ते मला पाठ आहे. "बाई, तीस साल दुसरास्ना मशीनं चालाडात. मरानापहिले एक तरी मनं म्हणू दे." तीस वर्षं दुसऱ्यांची मशीनं चालवली, मरण्याआधी एक तरी माझं म्हणू दे. मग मी काय बोलणार, कपाळ माझं!

टीमचं नाव ठेवलं कानबाई रेसिंग. श्रावणात आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते, तिच्या नावानं. टाकीवर तांबड्या रंगात लिहिलं मीच, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत. टीममध्ये माणसं तीन. आप्पा. गाडी चालवायला भटू, त्यांच्याच हाताखालचा कारीगर, तेवीस-चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला, अंगानं काटक. आणि तिसरी मी, कारण महापालिकेच्या मराठी शाळेतल्या खेळांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या कपाटात स्टॉपवॉच होतं. घड्याळ हवं होतं, बाई सोबत आली. असा माझा मान!

दिवाळीनंतर पहिली शर्यत भेस्तानच्या बाजूला एका सपाट केलेल्या शेतात होती. टँकरनं पाणी मारलेलं, दोरी बांधलेली, आठ फेऱ्या. बाकीच्या टीमांचे तंबू, छत्र्या, रंगीत टोप्या. आम्ही गाडी टेम्पोतून उतरवली आणि कुणीतरी विचारलं कुठून आलात. भटूनं सांगितलं, लिंबायत. झालं! शेजारच्या टीमनं आपला तंबू उचलला आणि वीस पावलं लांब नेऊन ठोकला. प्लेग जाऊन दोन-अडीच महिने झाले होते तरी. माझं तोंड कडू झालं. भटूचे कान लाल. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या त्या कुजबुजीत, म्हणजे साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं व्हयनं. पाने पसराले जागा भेटनी." आणि खरोखरच त्या मोकळ्या जागेत गोणपाट अंथरून त्यांनी आपले सगळे पाने ओळीनं मांडले.

बारा गाड्यांत आमचा अकरावा नंबर. बारावा खड्ड्यात पडला होता.

दुसरी शर्यत हजीऱ्याच्या रस्त्याला, खाऱ्या भुरभुरीत मातीत. दहांत नववा. मी प्रत्येक फेरीचा वेळ शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात लिहीत होते. घरी येऊन पाहते तो काय! बाकी गाड्यांची पहिली फेरी झपाट्याची, मग इंजिनं तापत, फेरीगणिक वेळ वाढत गेलेला. आमचं मात्र पहिल्या फेरीला अठ्ठावन्न सेकंद, चौथीला अठ्ठावन्न, आठवीला अठ्ठावन्न. मी हजेरीपुस्तक घेऊन आप्पांच्या ओट्यावर गेले. आकडे त्यांना वाचता येत. एकेका आकड्यावर बोट फिरवत गेले आणि चेहरा असा खुलला, असा खुलला!

"देखा बाई! सूत कसं एकसारखं! कुठे गाठ नही, कुठे तुटेल नही!"

"अहो आप्पा," मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "एकसारखं आहे, पण एकसारखं शेवटून दुसरं!"

त्यांना ते पटेना. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "मशीन पयनं नही तरी चाली, पन थांबाले नको." पळालं नाही तरी चालेल, थांबता कामा नये. थांबलेला माग म्हणजे मेलेलं ढोर. याच हिशेबानं त्यांनी ती गाडी बांधली होती. चौकटीला जागोजाग लोखंडी पट्ट्या मारलेल्या, मोडू नये म्हणून. पेट्रोलमध्ये तेल इतरांच्या दुप्पट, इंजिन उपाशी राहू नये म्हणून. आमच्या गाडीमागे धूर असा निघायचा की मागच्याला रस्ता दिसायचा नाही. अर्थात मागे कुणी नसायचंच.

तिसऱ्या शर्यतीची गोष्ट मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं बाईंनी मीठमसाला लावला. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, नुकतंच झालेलं. सुरतेत त्यानंतर पंधरा दिवस झाडांवर, तारांवर, जमिनीवर सगळीकडे मांजाच मांजा. त्या दिवशी भटू चांगला चालवत होता, सातवा होता, दोघं पुढचे आपटले की पाचवा झाला असता. पाचव्या फेरीला मांजाचा एक मोठा गुंता मागच्या चाकात गेला आणि साखळीत आवळला. गाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर थांबली. आप्पा धावले. मीही पदर खोचून धावले. पाहते तर काय, भटू आणि आप्पा दोघं चाकाशी गुडघे टेकून बसलेले आणि दोघं मिळून मांजाचं टोक शोधतायत!

"तोडा की!" मी किंचाळले. "अहो, ओढा आणि तोडा!"

दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. चार बोटं भराभर चालत होती, टोक सापडलं, एकानं चाक उलटं फिरवलं, दुसऱ्यानं धागा बोटाला गुंडाळत नेला. एकही तुकडा न होता अख्खा मांजा बाहेर आला. तोवर बाकीच्यांची शर्यत संपून वडे खाणं चाललं होतं. भटूनं गुंडाळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. "बाई," तो कसनुसा होऊन म्हणाला, "हात धजनाच नही." विणणाऱ्याच्या हातानं धागा तोडायचा नसतो. लहानपणापासून मार खाऊन शिकलेलं, ते शर्यतीत कसं विसरणार? मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

त्याच संध्याकाळी कांतिशेठ गल्लीत आले. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून आक्काचा चहा घेतला. म्हणाले, होळीच्या आधी आता एकच शर्यत उरलीय, भाचा रोज विचारतोय. भटू चिडून म्हणाला, घोडदोडवाल्या सगळ्या टीमा अपग्रेड करतात, आपण एक नट बदलत नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया वर केल्या. तो इंग्रजी शब्द ओठांवरून त्यांना लागला नव्हता. मी समोर जाऊन सांगितलं, गाडीत सुधारणा करायला हवी म्हणतोय. आप्पा उठून गाडीपाशी गेले.

दोन दिवस गाडीशीच बसून होते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभे.

"बाई, आठ फेऱ्यास्ले किती टाइम लागस?"

"पहिल्या तिघांना? साधारण सात मिनिटं."

"सात." त्यांनी सात बोटं वर केली. "मंग?"

"मग काही नाही. मग शर्यत संपली."

ते फाटकाच्या दगडावर बसले. खरं सांगते, तीन शर्यती होऊन गेल्या तरी हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आजूबाजूला पोरंसोरं दप्तरं आपटत पळत होती आणि आप्पा आपल्या बोटांकडे बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "मी बारा तासनं मशीन बनाडं." पाळी असते बारा तासांची. त्यांनी गाडी पाळीसाठी बांधली होती. सात मिनिटांसाठी मशीन असू शकतं ही गोष्टच त्यांच्या जगात नव्हती.

पुढच्या वीज बंदच्या दिवशी त्यांनी कामाला हात घातला. कारखाने बंद म्हणून सुट्टी, आणि शांततेत बेचैन व्हायला नको म्हणून काम. आधी लोखंडी पट्ट्या काढल्या. मग तेल कमी केलं. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून, वळवून, शंकूला शंकू जोडून पोट फुगलेल्या सापासारखा एक लांबट आकार केला आणि त्यावरून पत्रा कापून नवा सायलेन्सर जोडला. घोडदोडवाल्यांच्या गाड्यांचा सायलेन्सर त्यांनी तीन शर्यतींत नुसता डोळ्यांनी मोजून ठेवला होता. आणि मग सिलिंडर मांडीवर घेतला. आतली भोकं कानशीनं घासून मोठी केली की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि पळतं. पण तेवढंच त्याचं आयुष्य कमी होतं. आप्पांची कानस चालेना. हातात धरून बसले. भटू म्हणाला, "आप्पा, अपग्रेड शे हाई."

"बिघाड शे," आप्पा म्हणाले. "जानीसमजीसन करेल बिघाड."

आक्का आतून कुंकवाची डबी घेऊन आली. सिलिंडरला बोट लावलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मूठ गोल फिरवली. चालू ठेव. मग कानस चालली. कानशीच्या प्रत्येक ओढीला आप्पा काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं, तर माफी मागत होते.

होळीच्या आधीची ती शेवटची शर्यत पुन्हा भेस्तानलाच होती. शेठ आले होते, भाचा आला होता. त्या दिवशी कुणी तंबू हलवला नाही. गाडी चालू झाली आणि धूर निघालाच नाही, नुसता एक कडक, कोरडा आवाज. लोक वळून बघायला लागले. सुटताना भटू सहावा. दुसऱ्या फेरीला पाचवा. मी बटण दाबत होते, आकडे लिहीत होते. बावन्न सेकंद! एक्कावन्न! पाचव्या फेरीला भटू तिसरा झाला. तिसरा! आप्पा दोरीशी उभे. दर फेरीला माझ्याकडे वळून बोटं जुळवायचे, किती? मी बोटांनी दाखवायची.

सातव्या फेरीला आवाज बदलला. मला कळला, सगळ्यांना कळला. आप्पांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांना भटूचे खांदे दिसले. समोरून येताना ते किंचित सैल पडले. मागाचा सूर बदलला की कारीगराचा हात आपोआप दांड्याकडे जातो, बंद करायला. भटूनं मूठ सैल सोडली होती आणि तो आप्पांकडे बघत होता, कारखान्यात बघायचा तसा.

आप्पांचे दोन्ही तळवे वर आले. तीस वर्षांची सवय. आता ते खाली दाबणार, बंद कर म्हणणार, अशी माझी खात्री झाली. हात तसेच हवेत राहिले, अधांतरी. मग त्यांनी उजवी मूठ वळली आणि गोल फिरवली. पुन्हा फिरवली. जोरात. तोंडानंही ओरडत होते, पण शब्द नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मोडायला आलेल्या मशीनला थांबू नको म्हणत होता. भटूनं मान खाली घातली आणि मूठ पिळली.

आठव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर इंजिन आवळून जाम झालं. चाक घासत गेलं, गाडी थांबली. तिसऱ्या नंबरवर, शेवटच्या रेषेपासून शंभरेक पावलांवर. भटू खाली उडी मारून गाडी ढकलायला लागला. ढकलत पळत होता, बूट चिखलात रुतत होते. एक गाडी बाजूनं गेली. दुसरी गेली. भटूनं रेषा ओलांडली तेव्हा तो पाचवा होता.

पाचवा. मी हजेरीपुस्तकात लिहिलं आणि पान ओलं झालं. लाजायचं कशाला, रडलेच मी.

कांतिशेठ जवळ आले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "धुडकूभाई," ते म्हणाले, "बोल्यो ते बोल्यो." बोललो ते बोललो. आप्पांनी मान हलवली. त्यांनी फक्त आठ दिवस मागितले. म्हणाले, बंद मशीन मी कुणाच्या हाती देत नाही.

आम्ही तिघं गाडी ढकलत परत निघालो तेव्हा भटू पेटलेला होता. द्या तशीच, म्हणाला, फुटकी! नाहीतर अशी जोडा की तिसऱ्या फेरीला भाचा तोंडावर आपटेल. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. आप्पांनी त्याचे ओठ वाचले. त्यांनी एवढंच विचारलं, "मशीननी काय करं?" मशीननं काय केलं बिचाऱ्यानं?

त्या आठ दिवसांत मधे होळी आली, गल्लीत रंग उडाले, आप्पा मात्र तेलातच. सिलिंडर नव्यानं भरून घेतला. भोकं पुन्हा घासली, पण कमी. सायलेन्सर तोच, टोक थोडं आखूड केलेलं. तेल ना पहिल्याइतकं, ना दुसऱ्याइतकं. दर थोड्या वेळानं धोटा दातांत. नवव्या दिवशी सकाळी गाडी न्यायला शेठचा टेम्पो आला. आप्पांनी टेम्पो आधी भेस्तानच्या मैदानावर न्यायला लावला आणि मला घड्याळ आणायला सांगितलं.

मैदान रिकामं. दोरी नाही, माणूस नाही, टेम्पोचा ड्रायव्हर चाकाला टेकून डुलकी काढतोय. भटूनं आठ फेऱ्या मारल्या. पन्नास सेकंद. पन्नास. पन्नास. मी घड्याळ हलवून पाहिलं, बंद तर नाही पडलं? पन्नास. आठवी फेरीसुद्धा पन्नास! मागच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या गाडीचा माझ्याकडचा सगळ्यात चांगला आकडा एक्कावन्न होता.

मला राग आला, इतका राग आला! "आप्पा, शेठला सांगा! बोलवा त्यांना, परत दाखवा! ही गाडी कुणाला देताय तुम्ही?"

"काय सांगू? होळी व्हई गई," आप्पा म्हणाले. आणि हजेरीपुस्तकावरच्या त्या आठ आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी स्वतः गाडी टेम्पोत चढवली, दोरीनं बांधली, आणि ड्रायव्हरला उठवून तीन वेळा बजावलं की पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते भाच्याच्या मिस्त्रीला नीट सांग. टाकीवरचं कानबाईचं नाव त्यांनी फडक्यानं झाकलं नाही, पुसलंही नाही. ते काम मालकाचं म्हणाले.

त्या पावसाळ्यात आमची नाशिकला बदली ठरली, म्हणजे माझ्या यजमानांची, आणि माझी नोकरी सुटायची होती. दिवाळीनंतर निघायचं होतं. आप्पांनी तोवर भंगारातून एक चौकट आणली होती, इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, चाकं तिसऱ्याची. टाकी फुटकी होती, तिला त्यांनी ठिगळ लावलं. नाव पुन्हा मीच लिहिलं. यावेळी शेठ नाही, शब्द नाही, मुदत नाही. गाडी आप्पांचीच होती. ती चालू करायला मात्र चार माणसं लागत.

मोसमाची पहिली शर्यत, भेस्तान. निघायच्या आदल्या रविवारी मी घड्याळ घेऊन गेले, शेवटचं. भाच्याची गाडी ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, कारण टाकी आता निळी होती. पण सायलेन्सर तोच, कॅलेंडरच्या कागदावरून कापलेला. ती सुटली ती सुटलीच. दुसऱ्या फेरीपासून तिच्यापुढे कुणी नव्हतं. आमचा भटू शेवटून पहिला, चौथ्या फेरीला साखळी उतरली, ती चढवून पुन्हा निघाला. निळी गाडी त्याला एक अख्खी फेरी टाकून पुढे गेली. ती रेषेवर आली तेव्हा लोक नाचत होते, भाच्याला खांद्यावर घेत होते. भटू एकटा आपली उरलेली फेरी पुरी करत होता. मला आप्पांकडे बघायचा धीर होत नव्हता.

बघितलं तर ते हसत होते. पुढचे दात नसलेलं ते हसू, कानापर्यंत. आपल्या त्या कुजबुजीत, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, पहिली बी आपलीच, शेवटली बी आपलीच! मधलास्नं त्या देखतीन!"

पहिली आपली, शेवटची आपली, मधल्यांचं ते बघून घेतील. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. तेवढ्यात भटू आला, धापा टाकत, तोंडभर माती. आप्पांनी धोटा कमरेतून काढला, तापलेल्या इंजिनाला लावला, दातांत धरला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले, पाच बोटं जुळवली, भुवया वर.

किती? दोघींमधलं अंतर किती?

मी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. पासष्ट सेकंद. त्यांनी आकडा नीट पाहिला.

"गंज शे," ते म्हणाले. खूप आहे. धोटा परत कमरेला खोचला, गाडीचं हँडल धरलं आणि भटूला मागून ढकलायची खूण केली. "होळीलोंग व्हई जाई." होळीपर्यंत भरून निघेल.